पडदा कुठला? आजी, नातसून आणि मधली माहिती

(या भागाचं शब्दांकन. बोलण्याच्या ओघात आलेली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे, बाकी बोललो तसंच ठेवलं आहे.)

आजचा भाग थोडा घरगुती आहे. दर वेळी आपण कोड, करिअर, पुस्तकं असं काहीतरी बोलतो. आज भाषा शिकण्याबद्दल बोलायचंय, आणि त्यातही एका साध्या खेळाबद्दल. दोन कागद, दोन माणसं, अर्धी माहिती एकाकडे, अर्धी दुसऱ्याकडे. बस, एवढाच खेळ.

आधीच सांगून ठेवतो, मी भाषा शिक्षक नाही. मी बी.टेक. केलेला सॉफ्टवेअर इंजिनिअर, पुण्यात नोकरी करतो. म्हणजे आज जे सांगणार आहे ते शिक्षक म्हणून नाही, तर स्वतःच्याच घरात दोन माणसांच्या मध्ये दुभाष्या म्हणून अडकलेला माणूस म्हणून.

त्या दोन माणसांपैकी एक माझी आजी. कराड तालुक्यातल्या गावात आयुष्य गेलेलं. चौथीपर्यंत शाळा. पोथी रोज वाचते, लिहायला लागली की हळूहळू, एकेक अक्षर कोरून लिहिते. हिंदी टीव्हीमुळे थोडं कळतं, पण बोलत नाही. आणि दुसरी माझी बायको. ती त्रिशूरची, मातृभाषा मल्याळम. इंग्रजी उत्तम, हिंदी कामापुरतं. लग्नाला तेव्हा दीड वर्ष झालं होतं. मराठी शिकायची तिची इच्छा होती, मोबाइलवर अ‍ॅप होतं, व्हिडिओ बघायची, वहीत शब्द लिहायची. "हे पुस्तक आहे, ती मुलगी आहे" इथपर्यंत गाडी आली होती.

गेल्या वर्षी आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन पुण्यात केलं आणि ती आमच्याकडे राहायला आली. बायको घरून काम करते. मी आठवड्यातले चार दिवस ऑफिसला. म्हणजे दिवसभर घरात त्या दोघीच.

ऑपरेशन व्यवस्थित झालं होतं. एक दिवस दुपारी तीनच्या सुमाराला आजी बायकोला म्हणाली, "पोरी, डोळ्याम्होरं पडदा आल्यागत वाटतंय गं."

आता यातला "पडदा" हा शब्द बायकोला येत होता. हिंदीतही तोच आहे. तिला वाटलं, खिडकीतून ऊन येतंय, आजीच्या डोळ्याला त्रास होतोय. ती उठली आणि तिनं खिडकीचा पडदा ओढून घेतला. वर प्रेमानं विचारलं, "ठीक आहे?" आजी म्हणाली, "बरं, बरं." बायको म्हणाली, "हो, हो." दोघींना वाटलं, झालं बोलणं.

मी रात्री नऊला घरी आलो. जेवताना आजीनं सहज विषय काढला. माझ्या हातातला घास तसाच राहिला. कारण ऑपरेशननंतर घरी सोडताना डॉक्टरांनी मला बजावून सांगितलं होतं, की डोळ्यासमोर वीज चमकल्यासारखं झालं, अचानक खूप काळे ठिपके दिसले, किंवा पडदा आल्यासारखं वाटलं, तर त्याच दिवशी यायचं, थांबायचं नाही. डोळ्याच्या आतल्या दृष्टिपटलाला आपण मराठीत पडदाच म्हणतो. तो सुटायला लागला असेल तर तास मोजावे लागतात. आमचे सहा तास गेले होते.

आम्ही तसेच निघालो. डॉक्टरांनी बाहुली मोठी करायचे थेंब घातले आणि बराच वेळ आत बघत राहिले. नशीब चांगलं. डोळ्याच्या आतला जेलीसारखा भाग पडद्यापासून सुटला होता, वयानुसार होतं तसं, पण पडदा स्वतः जागेवर होता. मात्र ते म्हणाले, "पुढचे काही आठवडे लक्ष ठेवा. असं परत वाटलं तर लगेच या. रात्रीची वाट बघू नका."

हे वाक्य ते माझ्याकडे बघून बोलत होते. पण दिवसा घरी मी नसतोच ना.

परत येताना गाडीत बायको गप्प होती. घर जवळ आल्यावर म्हणाली, "त्यांनी मला सांगितलं होतं. दुपारी तीनलाच सांगितलं होतं. आणि मी पडदा ओढला."

तर मंडळी, इथून पुढचं सगळं या वाक्यावरून सुरू झालं.

दुसऱ्या दिवशी मी काय केलं? इंजिनिअर जे करतो तेच. एक फाइल उघडली आणि चाळीस वाक्यं टाइप केली. "तुमचं नाव काय?" "तुम्ही कुठे राहता?" "तुम्हाला काय आवडतं?" प्रिंट काढून दोघींना समोरासमोर बसवलं. म्हटलं, करा सराव.

बायकोनं पहिलं वाक्य वाचलं. "तुमचं नाव काय?"

आजी तिच्याकडे बघतच राहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आरं, दीड वरीस झालं लग्नाला, हिला माझं नाव ठावं न्हाई व्हय?"

आम्ही हसलो, पण आजीचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे असा प्रश्न माणूस का विचारेल? वर्गात शिक्षक हातात पेन धरून विचारतात, "हे काय आहे?" मुलं म्हणतात, "हे पेन आहे." शिक्षकांनाही माहीत, मुलांनाही माहीत. बोलायची गरजच नाही, फक्त बोलल्याचं दाखवायचंय.

मला एकदम इंजिनिअरिंगचा एक विषय आठवला, माहिती सिद्धांत. क्लॉड शॅननचा १९४८ सालचा निबंध. त्यातला मूळ विचार साध्या भाषेत सांगायचा तर असा, की जो संदेश ऐकणाऱ्याला आधीच नक्की माहीत आहे, त्यात माहिती शून्य. माहिती तेवढीच, जेवढी अनिश्चितता कमी झाली. परीक्षेपुरतं पाठ केलेलं हे वाक्य त्या दिवशी स्वयंपाकघराच्या टेबलावर मला कळलं. माझ्या चाळीस वाक्यांमध्ये माहिती शून्य होती.

मग मी थोडं वाचायला लागलो, की भाषा शिकवणारे लोक यावर काय करतात. तर त्यांच्याकडे याचा उपाय केव्हाचा आहे. इन्फर्मेशन गॅप, म्हणजे माहितीतली दरी. दोन शिकणाऱ्यांना एकाच गोष्टीचे दोन वेगवेगळे अर्धे कागद द्यायचे. माझ्या कागदावर जे आहे ते तुझ्या कागदावर नाही. एकमेकांचा कागद बघायचा नाही. विचारून, सांगून, लिहून तो पूर्ण करायचा. आता प्रश्न विचारण्याला कारण आलं. उत्तर ऐकलं नाही तर माझा कागद रिकामा राहतो.

यात एक नाव आपल्या देशातलं आहे, एन. एस. प्रभू. १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातल्या काही शाळांमध्ये, बंगळुरू आणि तेव्हाच्या मद्रासकडे, त्यांनी इंग्रजी शिकवण्याचा एक प्रकल्प चालवला. व्याकरणाचे धडे बाजूला ठेवायचे आणि मुलांना कामं द्यायची. रेल्वेचं वेळापत्रक, नकाशे, असली कामं. काम पूर्ण करता करता भाषा येते, हा त्यांचा विश्वास. त्यावरचं त्यांचं पुस्तक १९८७ साली आलं. त्यांनी अशा कामांचे तीन प्रकार सांगितले. माहितीची दरी, तर्काची दरी आणि मताची दरी. ही तीन नावं लक्षात ठेवा, शेवटी परत त्यांच्याकडे येतो.

आता आमच्या घरातला पहिला कागद सांगतो.

आजीच्या डोळ्यात दोन औषधांचे थेंब घालायचे होते. एक गुलाबी झाकणाची बाटली, एक पांढऱ्या झाकणाची. दोन्हींच्या वेळा वेगळ्या, आणि दोन थेंब लागोपाठ घालायचे नाहीत, मध्ये वेळ सोडायचा. खरा तक्ता फ्रिजवर लावलेला होता, त्याला हात लावला नाही. औषधाशी खेळ नको. पण सरावासाठी मी एक खोटा तक्ता बनवला आणि त्याचे दोन कागद केले. आजीच्या कागदावर पांढऱ्या बाटलीच्या वेळा भरलेल्या, गुलाबीच्या रिकाम्या. बायकोच्या कागदावर उलटं. नियम तीन. कागद दाखवायचा नाही, हिंदी-इंग्रजी नाही, आणि मला विचारायचं नाही. मी चहा करायला उठलो, पण कान तिकडेच.

"आजी, पांढरी बाटली किती वाजता?"

"सव्वासातला."

"सव्वा सात... सात आणि पंधरा?"

"व्हय. सात वाजून पंधरा मिंटं."

"मग?"

"मग पावणेअकराला."

बायकोनं आत्मविश्वासानं लिहिलं, अकरा वाजून पंधरा. सव्वा म्हणजे पंधरा मिनिटं, तर पावणे म्हणजेही तसंच काहीतरी असणार, हा तिचा अंदाज. मग तिची पाळी आली. ती म्हणाली, "गुलाबी बाटली साडेदोनला."

आजी खळखळून हसली. "साडेदोन न्हाई गं बाई. अडीच!"

"अडीच? आणि साडेएक?"

"साडेएक बी न्हाई. दीड."

"साडेतीन?"

"साडेतीन हाय की."

बायकोनं माझ्याकडे असं बघितलं, की ही भाषा तू घरी आणलीस. तिचा मुद्दा रास्तच आहे. दीड आणि अडीच नंतर अचानक साडेतीन का, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. शेवटी दोन्ही कागद शेजारी ठेवले. पावणेअकराच्या रकान्यात अर्ध्या तासाचा फरक निघाला. मी काही बोललोच नाही. तिनं स्वतःच विचारलं, "पावणे म्हणजे आधी?" आजी म्हणाली, "अकराला पाव कमी." झालं. त्यानंतर पावणे तिच्याकडून कधी चुकलं नाही. अ‍ॅपनं हेच तिला दोनदा शिकवलं होतं आणि ती दोनदा विसरली होती. इथे कुणी लाल फुली मारली नव्हती. रकाना जुळत नव्हता, एवढंच.

पण त्या पहिल्या दिवशी मला आणखी एक गोष्ट दिसली, आणि माझ्या मते ती सगळ्यात महत्त्वाची आहे. बायकोला काही कळलं नाही की ती "हो, हो" म्हणायची. हसून, मान डोलावून. आपण सगळेच परक्या भाषेत असं करतो. समोरच्याला थांबवायला संकोच वाटतो, आणि विशेषतः समोर आजीच्या वयाचं माणूस असेल तर जास्तच. आणि आजीचं काय? तिला "हो" ऐकू आलं की ती पुढे जायची. पडद्याच्या दिवशी नेमकं हेच झालं होतं. आजीनं सांगितलं, बायकोनं हो म्हटलं, आणि संदेश मध्येच पडला.

नेटवर्कवाल्यांना हे लगेच कळेल. टीसीपीमध्ये पॅकेट मिळालं की पोच पाठवतात. ती पोच न मिळता आलीय असं धरून चाललात तर डेटा हरवतो आणि कळतही नाही. आमच्या घरात "हो, हो" ही खोटी पोच होती.

म्हणून आम्ही चौथा नियम केला. "हो" म्हणायचं नाही. जे ऐकलं ते परत म्हणून दाखवायचं. आणि फ्रिजवर एक कार्ड लावलं, त्यावर पाच गोष्टी. "म्हणजे?" "पुन्हा सांगा." "हळू सांगा." "कुठला?" आणि "म्हणजे असं का?" एवढंच. परकी भाषा शिकणाऱ्याला पहिल्या आठवड्यात जर पाचच गोष्टी द्यायच्या असतील, तर मी "माझं नाव अमुक" देणार नाही, या पाच देईन.

गंमत अशी, की शिकणारी एकटी बायको नव्हती. आजीही शिकत होती. सुरुवातीला बायकोला कळलं नाही की आजी तेच वाक्य मोठ्यानं म्हणायची. तरी कळलं नाही तर आणखी मोठ्यानं. आपल्याकडे ही सार्वत्रिक पद्धत आहे. पण कागद भरायचा असेल तर मोठा आवाज उपयोगाचा नाही. दुसऱ्या आठवड्यापर्यंत आजी शब्द बदलून सांगायला लागली. "फडताळ" कळलं नाही? मग "भिंतीतलं कपाट." तेही नाही? "जिथं डबं ठेवत्यात ते." ही मोठी अवघड कला आहे बरं का. आमच्या ऑफिसमध्ये सीनिअर लोकांना ती येत नाही.

मग आम्ही कागद बदलत गेलो. एकदा स्वयंपाकघरातले डबे. बायकोला माहीत कुठल्या डब्यात काय आहे, आजीच्या कागदावर फक्त रिकामे डबे. "वरच्या फळीवर, डावीकडून तिसरा." एकदा आजीच्या गावचा नकाशा. हे सगळ्यात छान झालं. आजीनं सांगायचं, बायकोनं काढायचं. पारावरून पुढं गेलं की देऊळ, देवळाच्या मागं विहीर, विहिरीच्या अंगाला आपलं घर. इथे खोटा कागद लागलाच नाही, कारण दरी खरी होती. गाव आजीच्या डोक्यात होतं आणि बायकोनं ते एकदाच, तेही लग्नानंतरच्या देवदर्शनाच्या गर्दीत पाहिलेलं. त्या नकाशाला दोन तास लागले. त्यात कोण कुणाच्या बांधावरून भांडलं हेही आलं. मला त्यातलं अर्धं माहीत नव्हतं.

आता लिहिण्याकडे येतो, कारण नुसतं बोलण्यावर हा खेळ थांबवला तर एक अडचण होते. बोलताना माणूस तुटक शब्दांवर काम भागवतो. "आजी, बाटली? पांढरी? सात?" कागद भरतो, पण वाक्य काही येत नाही. हातवारे, चेहरा, बोट दाखवणं, सगळं मदतीला असतं. मग आम्ही दुसरा टप्पा जोडला. रोज संध्याकाळी बायकोनं आजीला डोळ्याबद्दल विचारायचं आणि चार ओळी वहीत लिहायच्या. त्या ओळींचा फोटो मला ऑफिसमध्ये पाठवायचा. मी फक्त त्या ओळींवरून सांगायचं, की आज काय झालं. फोन करायचा नाही. काही कळलं नाही तर मराठीत लिहूनच प्रश्न विचारायचा.

म्हणजे माहितीचा प्रवास असा. आजीकडून बायकोकडे बोलून, बायकोकडून वहीत लिहून, वहीतून माझ्याकडे वाचून. तिसरा माणूस खोलीत नाही, त्याला हातवारे दिसत नाहीत. त्यामुळे लिहिणाऱ्याला सगळं शब्दांतच घालावं लागतं.

पहिल्या दिवसाची नोंद अशी होती. "आजीची डोळा दुखतो आहे. दुपारी. आता ठीक."

मी विचारलं, कुठला डोळा? ऑपरेशनचा की दुसरा? किती वाजता? दुखतो म्हणजे काय, टोचतं, की खाज येते? अर्ध्या तासानं उत्तर आलं, आणि त्या अर्ध्या तासात तिनं आजीला चार खरे प्रश्न विचारले होते.

वही आजी वाचायची. पोथी वाचणारी बाई, चूक लगेच दिसायची. पेन्सिलीनं "आजीची डोळा" खोडून "आजीचा डोळा" केलं. "डोळामध्ये" लिहिलं होतं, ते "डोळ्यात" केलं. डोळा, डोळ्यात. रस्ता, रस्त्यावर. पाणी, पाण्यात. याला व्याकरणात सामान्यरूप म्हणतात हे आजीला माहीत नाही. तिला एवढंच माहीत, की "डोळामध्ये" कानाला खटकतं. बायकोनं मात्र वहीच्या मागच्या पानावर याची यादी करायला सुरुवात केली.

मराठीतलं लिंग हा तिचा खरा शत्रू. मल्याळममध्ये निर्जीव वस्तूंना असं लिंग नसतं, क्रियापदही त्यानुसार बदलत नाही. त्यामुळे टेबल ते, खुर्ची ती आणि फ्रिज तो, हे तिला अन्याय वाटतं. पण काही गोष्टींत ती हिंदीवाल्या मित्रांच्या पुढे होती. "ळ" तिला पहिल्या दिवसापासून स्वच्छ येतो. आणि "आपण" आणि "आम्ही" यातला फरक तिला समजावावाच लागला नाही, कारण मल्याळममध्ये "नम्मळ" आणि "ञङ्ङळ" असा तोच फरक आहे. ऐकणाऱ्याला धरून आणि ऐकणाऱ्याला वगळून. एकदा ती आजीला म्हणाली, "आपण डॉक्टरकडे जाऊ." आजीला तो "आपण" इतका आवडला, की शेजारच्या काकूंना सांगून आली.

तीन-साडेतीन आठवड्यांनंतरची एक नोंद वाचून दाखवतो, तिची परवानगी घेतलीय. "आज दुपारी पावणेचारला आजीच्या उजव्या डोळ्यात काळे ठिपके दिसले. तीन किंवा चार. काल पण तेवढेच होते. चमक नाही. पडदा नाही. डोळ्यातला पडदा नाही, मी विचारले."

ऑफिसमध्ये बसून मी ते शेवटचं वाक्य दोनदा वाचलं. "डोळ्यातला पडदा नाही, मी विचारले." मला फोन करावा लागला नाही.

पुढच्या तपासणीला आम्ही तिघं गेलो. मी त्यांना दारात सोडून पार्किंग शोधत फिरलो, पुण्यात किती वेळ लागतो तुम्हाला माहीतच आहे. वर पोचलो तर त्या दोघी आधीच आत. डॉक्टर विचारत होते, ठिपके वाढले का, कधीपासून. आजी माझ्याकडे वळली नाही. ती नातसुनेकडे वळली. नातसुनेनं वही उघडली आणि डॉक्टरांनी ती घेऊन स्वतःच वाचायला सुरुवात केली. डोळा व्यवस्थित होता. मी दारात उभा, गाडीची किल्ली हातात घेऊन. तिथं मला काही कामच नव्हतं. इतकं बरं वाटलं मला.

आता कुणाला घरी, ऑफिसमध्ये, सोसायटीत हे करायचं असेल, तर अनुभवातून काही गोष्टी सांगतो.

एक, दरी खरी शोधा. खोटा तक्ता सुरुवातीला चालतो, पण घरात पुष्कळ खऱ्या दऱ्या असतात. एकाला बाजारातले भाव माहीत, दुसऱ्याला नाहीत. एकानं सोसायटीची नोटीस वाचलीय, दुसऱ्यानं नाही. ऑफिसात कुणी मराठी शिकत असेल तर एसटीच्या वेळापत्रकाचे दोन अर्धे कागद करा, स्वारगेटहून गाड्या किती वाजता सुटतात, कुठे थांबतात. सव्वा, पावणे, दीड, अडीच सगळं त्यात येतं.

दोन, रकाने थोडे ठेवा. सहा ते आठ. पंधरा मिनिटांत संपलं पाहिजे. आमचा एक कागद वीस रकान्यांचा होता, तो अर्ध्यातच सोडला आणि आजी झोपायला गेली.

तीन, खेळाआधी प्रश्नाचे शब्द द्या. कुठे, कधी, किती, कुठला. उत्तराचे शब्द खेळातून येतात, पण प्रश्नच विचारता आला नाही तर खेळ सुरूच होत नाही.

चार, "हो" वर बंदी. ऐकलेलं परत म्हणून दाखवायचं. ज्याला भाषा येते त्याच्यावरही एक बंदी घाला, आवाज वाढवायचा नाही, शब्द बदलायचा.

पाच, मध्ये दुरुस्ती करू नका. मी पहिल्यांदा चहाच्या ओट्यावरून "ची नाही, चा, चा" असं ओरडलो होतो. बोलणं तिथंच थांबलं. दुरुस्ती लिहिलेल्यावर करा, बोलत असताना नाही.

आणि सहा, शेवटी लिहा, आणि ते अशा माणसाला वाचायला द्या जो त्या वेळी तिथं नव्हता.

याच्या मर्यादाही सांगायला हव्यात. बायको अजूनही "माझा आई" म्हणते. माहितीच्या देवाणघेवाणीत "माझा आई" म्हटलं तरी अर्थ पोचतो, म्हणून ती चूक आपोआप जात नाही. त्यासाठी वही, पेन्सिल आणि वेळ लागतो. शिवाय प्रभूंनी सांगितलेल्या तीन दऱ्या आठवतात ना? त्यांचा स्वतःचा कल माहितीच्या दरीपेक्षा तर्काच्या दरीकडे जास्त होता. नुसती माहिती इकडून तिकडे न्यायची नाही, तिच्यावरून काहीतरी ठरवायचं. ते का, हे आम्हाला घरातच कळलं. ठिपके चार आहेत हे सांगणं ही माहिती. काल चार होते, आज चार आहेत, चमक नाही, मग आत्ता पळायचं की उद्या सकाळी फोन करायचा, हा तर्क. शेवटच्या आठवड्यांत त्या दोघी हेच करत होत्या, मराठीत. आणि मताची दरी तर काय, सासर-माहेर एका टेबलावर आलं की ती उघडतेच. फोडणीत खोबरेल तेल की शेंगदाण्याचं, यावर आमच्याकडे जे झालं ते कुठल्याही कागदाशिवाय झालं.

आणखी एक. ज्यांच्या घरी डोळ्याचं ऑपरेशन झालेलं किंवा वयस्कर माणूस आहे, त्यांनी भाषेचं सगळं विसरलं तरी चालेल, पण अचानक चमका, नवे काळे ठिपके, किंवा पडदा आल्यासारखं वाटणं, हे ऐकलं तर त्याच दिवशी डोळ्याच्या डॉक्टरांकडे जा. आणि घरात दिवसभर जो त्यांच्याजवळ असतो, त्याला हे शब्द त्यांच्याच बोलीत कळतायत ना, ते आधी बघून ठेवा.

आजी आता गावी परत गेलीय. रविवारी सकाळी तिचा फोन येतो, आणि तो माझ्या नंबरवर येत नाही. फोन म्हणजे तर सगळ्यात अवघड कागद, हातवारे नाहीत, चेहरा नाही. तरी पाऊण तास चालतो. गेल्या रविवारी मी शेजारी बसलो होतो. मध्येच बायको जोरात हसली, मग हळू आवाजात बोलायला लागली. फोन ठेवल्यावर मी विचारलं, "काय म्हणत होती आजी?"

बायको म्हणाली, "म्हणजे?"

फ्रिजवरचं कार्ड आता माझ्यावर वापरायला लागलीय. चला, आजच्या पुरतं एवढंच. तुमच्या घरात कुठली दरी आहे ते शोधा, दोन कागद करा, आणि काय झालं ते नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.